किरकोळताई

ऑफिसात त्यांना सगळे किरकोळताई म्हणायचे, अगदी तोंडावर. त्यांना राग यायचा नाही. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी स्वतःच सांगितलं, "मी किरकोळ. तू माझ्या शेजारी बसायचं."

आमची कंपनी लहानशी. वजनकाटे, तिकिटं देणारी यंत्रं, दवाखान्यातले मॉनिटर यांच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर असतो, त्याची ऑपरेटिंग सिस्टिम आम्ही बसवून देतो. या सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. बाहेरच्या प्रत्येक वस्तूशी बोलायला कर्नलला ड्रायव्हर नावाचा एकेक छोटा प्रोग्रॅम लागतो. म्हणून कर्नल तयार करण्याआधी समोर एक लांबलचक यादी येते. कोणता ड्रायव्हर आत घ्यायचा, कोणता गरजेपुरता जोडायचा, कोणता वगळायचा, हे एकेकापुढे खूण करून ठरवायचं. त्या यादीत कीबोर्डला स्वतःचं घर आहे, माऊसला आहे, टचस्क्रीनला आहे. जे कुठेच बसत नाही ते सगळं 'किरकोळ' नावाच्या कप्प्यात जातं. गोल फिरवायचं बटण, धक्का ओळखणारी चिप, टूं करून वाजणारा बीपर, असलं काहीबाही. हा कप्पा कुणालाच नको असायचा. ताईंनी तो बावीस वर्षं सांभाळला आणि त्यावरून नाव पडलं.

ताईंचं लग्न झालेलं नव्हतं. त्या एका खोलीत एकट्या राहायच्या. दोन गल्ल्या सोडून त्यांच्या भावाचं घर. ताई नऊ वर्षांच्या असताना आईवडील पाठोपाठ गेले. दादा एकोणीस वर्षांचा. तो कॉलेज सोडून वडिलांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसला आणि बहिणीला त्याने शिकवलं. तिची वेणी घालायला शिकला, तिच्या शाळेत पालक म्हणून गेला. पुढे वहिनी आली. त्यांना मूलबाळ झालं नाही. "ही एक आहे की, हिचंच आवरता आवरत नाही," असं दादा म्हणायचा. दुकानात भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी. कुणी विचारलं खरी कोणती, तर म्हणायचा, "तुम्हाला परवडेल ती घ्या."

एके दिवशी त्याच्या हातातून चिमटा पडला. मग रोज पडायला लागला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा वाळत चालल्या आहेत. यावर औषध नाही. हात गेले, मग पाय, दीड वर्षात बोलणं गेलं. डोकं मात्र लख्ख होतं.

तेव्हा ताईंनी त्याच्यासाठी एक यंत्र केलं. पलंगाला लोखंडी दांडा, दांड्यावर स्क्रीन, मागे मुठीएवढा कॉम्प्युटर. स्क्रीनवर अक्षरं एकामागून एक उजळत जायची. हवं ते अक्षर आलं की दादाने बटण दाबायचं. आधी बटण अंगठ्याखाली होतं. अंगठा गेला तेव्हा गुडघ्याशी आणलं. शेवटी ते एक हलकी पट्टी होऊन गालाला टेकलं. दर वेळी नवा सेन्सर, नवा ड्रायव्हर, पुन्हा ती यादी. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ताई डबा बाजूला सारून तेच करत बसायच्या.

स्क्रीनच्या कोपऱ्यात 'बोलावणं' असा एक चौकोन होता. तो निवडला की बीपर वाजायचा आणि वहिनी असेल तिथून धावत यायची. ही चैन नव्हती. दादाच्या घशात लाळ साठायची. ती नळीने ओढून काढली नाही तर श्वास अडकायचा.

गालाने लिहायला वेळ लागायचा, तरी त्याची थट्टा सुटली नव्हती. एकदा वीज जाऊन आली. यंत्र पुन्हा सुरू व्हायला मिनिटभर लागलं, आणि तो मिनिटभर मुका झाला. सुरू झाल्यावर त्याने लिहिलं, "ठमे, तुझं यंत्र उठायला माझ्याहून जास्त कुरकुर करतं."

ताईंच्या ते मनाला लागलं. त्यांनी नवा कर्नल तयार करायला घेतला. नको ते सगळं छाटायचं, म्हणजे यंत्र चटकन उठेल. चार दिवस त्या यादी खालीवर करत होत्या. पंख्याचा वेग आणि स्क्रीनचा उजेड सांभाळणारा एक सामायिक ड्रायव्हर असतो. या यंत्राला पंखा नव्हता, उजेड कमीजास्त करायचा नव्हता. तो त्यांनी काढला. मिनिटाचे अकरा सेकंद झाले. मला हाताला धरून दाखवलं, "बघ, अकरा!"

गुरुवारी सकाळी त्या तो कर्नल घेऊन दादाकडे गेल्या आणि बसवला. गालाची पट्टी तपासली, अक्षरं तपासली. 'बोलावणं' निवडलं की चौकोन लाल होतो, तेही पाहिलं. बीपरचा आवाज त्यांनी बंद ठेवला होता. रात्रभर जागलेली वहिनी नुकती आडवी झाली होती. तिची झोपमोड कशाला, म्हणून. निघताना त्यांनी आवाजाची कळ पुन्हा चालू केली. दादाने लिहिलं, "पळ आता. नोकरी जाईल." ताई हसत ऑफिसात आल्या.

चार वाजता त्यांचा फोन वाजला. फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "दादा गेला," म्हणाल्या, आणि चपला शोधायला लागल्या. चपला पायातच होत्या.

डॉक्टर म्हणाले, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. वहिनी दुपारी स्वयंपाकघरात होती. ती खोलीत आली तेव्हा सगळं संपलं होतं. झोपेत गेले, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

दहा दिवसांनी ताई कामावर आल्या. बरोबर ते यंत्र होतं. तसाच आजार असलेल्या एका बाईंना ते द्यायचं होतं, म्हणून आधीच्या नोंदी पुसायला त्यांनी ते उघडलं. बटण किती वाजता दाबलं, काय निवडलं, याची त्यात ओळीओळीने नोंद असते. मी शेजारीच होते. ताई वाचता वाचता थांबल्या.

त्या गुरुवारी दुपारी 'बोलावणं' चौदा वेळा निवडलेलं होतं. तीन वाजून दोन मिनिटांपासून तीन वाजून आठ मिनिटांपर्यंत. त्यानंतर एकही ओळ नव्हती.

त्यांनी कर्नलची यादी उघडली, 'किरकोळ' कप्प्यात गेल्या. बीपर तिथे नव्हताच. त्याचा ड्रायव्हर त्या सामायिक ड्रायव्हरच्या आधारावर चालायचा. वरचा काढला की त्याच्या आधाराने असलेले खालचे यादीतून गुपचूप गळतात. विचारत नाहीत, सांगत नाहीत. पहिल्याच आठवड्यात ताईंनी मला हे शिकवलं होतं. इथे येणाऱ्या प्रत्येकाला शिकवलं होतं.

"ताई, तुमची चूक नाही हो," मी म्हणाले.

"मग कुणाची?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. खरंच उत्तर हवं असल्यासारखं.



त्याच संध्याकाळी त्या वहिनीकडे निघाल्या. मी नको नको म्हणत होते. ऐकेनात, म्हणून मी सोबत गेले. वहिनी स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर नवा कागद अंथरत होती. ताईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कसलीही सारवासारव केली नाही. यंत्र लवकर उठावं म्हणून काय काढलं, काय तपासायचं राहिलं, चौदा वेळा काय झालं.

वहिनीच्या हातात कात्री होती. ती तिने फळीवर ठेवली.

"म्हणजे ते मला बोलावत होते."

"हो."

"मी इथेच होते. या इथे. रेडिओसुद्धा लावत नाही मी, ऐकू यावं म्हणून." तिचा आवाज फुटला. "दहा दिवस मी म्हणतेय, झोपेत गेले, सुटले."

"वहिनी..."

"तू मला हे सांगायला नको होतंस."

"न सांगता तुझ्यासमोर बसता आलं नसतं मला."

"तुझं मन हलकं झालं ना?" वहिनी म्हणाली. "आता हे मी कुठे ठेवू?"

आम्ही जिना उतरलो. रस्ता ओलांडताना मी त्यांचा दंड धरला.

त्यानंतर आठ महिने वहिनीने त्यांचा फोन उचलला नाही. ताई दर रविवारी लावायच्या, पूर्ण वाजू द्यायच्या आणि ठेवायच्या. ऑफिसात त्या वेळेवर येत, वेळेवर जात. किरकोळताई म्हणणं आपोआप बंद पडलं, कुणी ठरवलं नव्हतं. त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. यादीत बदल केला की आधीची आणि नंतरची यादी तो ताडून बघतो. जे जे गळलं असेल ते एकेक करून दाखवतो आणि प्रत्येकापुढे 'हो' लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. फार वेळ खातो. नवी माणसं त्याला शिव्या घालतात. आम्ही जुने गप्प बसून 'हो', 'हो' लिहीत राहतो.

नवव्या महिन्यात फोन आला तो वहिनीचाच. तिला मोतीबिंदू झाला होता. ऑपरेशनच्या कागदावर 'सोबत कोण' असं विचारलं होतं.

"मी नणंद लिहिलंय," ती म्हणाली. "सोमवारी आठ वाजता." आणि फोन ठेवला.

ताईंनी आठवडाभराची रजा टाकली. परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेलाच होता. मी न राहवून विचारलं, "बोललात का काही? त्याबद्दल?"

"नाही," त्या म्हणाल्या. "दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब घालायचे होते. ती मान मागे टाकून पडायची, मी घालायचे. डोळ्यांतून पाणी यायचं. औषधाचं की कशाचं, मी विचारलं नाही. पुसून द्यायचे."

मग त्यांनी चष्मा लावला आणि समोरची यादी उघडली.