कुंडीखालचा पाइप

आमच्या मामंजींचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे ठरवता ठरवता माझं डोकं फिरायची वेळ आली होती. एके दिवशी म्हणाले, "हौद रिकामा करा, पाणी मेलंय." आठवड्याने म्हणाले, "खबरदार, हौदाला हात लावाल तर!" आणि परवा नाश्त्याला बसताना पुन्हा माझ्यावरच उखडले, "अजून रिकामा का नाही केला?" आता माणसाने ऐकायचं तरी काय?

हौद म्हणजे आमच्या मागच्या अंगणातला पोहण्याचा तलाव. मामंजी जन्मभर फरशी बसवायचं काम करत. सासूबाईंचे गुडघे गेले आणि डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं, तेव्हा त्यांनी तो स्वतः बांधला, अगदी तळाच्या फरशीपासून. सासूबाई गेल्या, हौद राहिला. त्यात आता कोणी उतरत नाही, पण त्याच्या पंपखोलीची चावी मामंजींच्या सदऱ्याच्या खिशात असते. आंघोळीला जाताना चावी आधी साबणाच्या डबीत, मग सदरा खुंटीला. त्यात कधी चूक नाही.

बाकी चुकांचं विचारू नका. चष्मा फ्रिजमध्ये सापडतो. मला मधूनच स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारतात. शिवाय रोज सकाळी माझी कुंडी हलवतात! हौदाच्या खोल टोकाला फरशीतून एक पाइप बोटभर वर आलाय. त्याला माझ्या पायाची सारखी ठेच लागायची, म्हणून मी त्यावर लाल फुलांची कुंडी ठेवली. सकाळी बघावं तर कुंडी बाजूला. मी जागेवर ठेवायची, ते पुन्हा हलवायचे. दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतो. त्यातच मागच्या खोलीतल्या पडद्याची दांडी गायब झाली. मी सगळं घर पालथं घातलं.

इकडे पाणी हिरवं होत चाललं होतं. कितीही क्लोरीनची पावडर टाका, ढिम्म फरक नाही. शेवटी आमच्या ह्यांनी पंपवाल्याला बोलावलं आणि मला म्हणाले, "उद्या हौद उपसायचा. त्याआधी बाबांकडून चावी काढून घे."

"मी? तुमचे वडील आहेत, तुम्ही घ्या!"

"तुझं ऐकतात ते. आणि ती चावी त्यांच्याकडे ठेवणं आता बरं नाही. उद्या कुठली कळ दाबतील, काय सांगावं?"

ते खोटं नव्हतं, म्हणूनच मला राग आला. त्या चावीवाचून मामंजींकडे या घरात स्वतःचं असं उरलं होतं काय? ती काढून घ्यायची म्हणजे तुमचं आता काही ऐकायचं नाही, असं तोंडावर सांगण्यासारखं होतं.

तरी संध्याकाळी गेले मागे. कुंडी बाजूला होती, आणि मामंजी वाकून पाइपात माझी पडद्याची दांडी घालत होते!

"अहो मामंजी, ही दांडी मी कुठे कुठे शोधली!"

त्यांनी दांडी वर काढून मला दाखवली. खालचा हातभर भाग ओला होता. "बघ. हा पाइप हौदाच्या तळाखालपर्यंत जातो. जमिनीत पाणी चढलंय. टेकडीवर पाऊस झाला की असं होतं. आत्ता नाही उपसायचं."

"मग परवा उपसा का म्हणालात?"

"परवा दांडी कोरडी होती."

त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं, सिंक भरलं, एक रिकामी वाटी काठ न बुडवता पाण्यात दाबून धरली आणि हात काढला. वाटी टुणकन वर आली. "हौद म्हणजे ही वाटी. भरलेला आहे तोवर आपल्या वजनाने बसून राहतो. खाली पाणी असताना रिकामा केलास, तर जमीन त्याला वर ढकलणार. तडकला की संपलं. पण पाणी बदलायला हवं, ते खरंच. वर्षानुवर्षं पावडर खाऊन त्याला आता नवी पावडर लागू पडत नाही. दांडी कोरडी निघाली की बदला. तेही ढगाळ दिवशी, कडक उन्हात नको, गिलावा फुटतो."

मी चावीचं नावही काढलं नाही. ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "त्यांना आज वार कोणता ते सांगता येत नाही, आणि तू त्यांच्या दांडीवर विश्वास ठेवतेस?" खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती.

सकाळी पंपवाला जाडजूड नळी खांद्यावर घेऊन आला. मामंजी आमच्या आधीच हौदावर होते, हातात दांडी. हे म्हणाले, "बाबा, सांगा मग. उपसायचं का?"

मामंजींनी दांडीकडे पाहिलं. ती ओली होती, मला लांबूनही दिसत होतं. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली. मग माझ्याकडे वळले आणि अगदी हळू म्हणाले, "ओली आहे गं. ओली असली की... काय?"

हे माझ्याकडे बघत होते, पंपवाला दोघांकडे.

"ओली असली की उपसायचं नाही," मी म्हणाले. "खाली पाणी आहे. हौद वर येईल, तडकेल. दांडी कोरडी निघाली की मग, तेही ढगाळ दिवस बघून."

पंपवाल्याने पाइपात टॉर्च मारला, आत पाणी पाहून मान हलवली आणि नळी पुन्हा खांद्यावर टाकली. हे वाकले आणि माझी कुंडी उचलून भिंतीपाशी नेऊन ठेवली.

मामंजी मात्र माझ्याकडेच बघत होते, परक्या घरच्या हुशार मुलीकडे बघावं तसं. "तुला हे कोणी शिकवलं?"

"तुम्हीच, मामंजी. कालच."

"मी?" ते जरा हसले. मग खिशात हात घातला, चावी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "मग ही तूच ठेव. मला काही ते आठवत नाही."

काल जी मागायला गेले होते ती आपसूक हातात आली, आणि मला ती नको होती हो. अजिबात नको होती.