कपाटातला पाना

“माणूस गुदमरायला लागला की कपाटं उघडत बसायला वेळ नसतो,” सुगंधामावशी एकदा म्हणाली होती. कांजूरमार्गच्या बारा खाटांच्या दवाखान्यात ती आया होती. ऑक्सिजनचा सिलिंडर उघडायचा एकुलता एक पाना तिने चिंधीने सिलिंडरलाच बांधला होता. तपासणीला माणसं येणार म्हणून डॉक्टरांनी ती मळकी चिंधी सोडली, पाना कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात विसरून जेवायला घरी गेले. तेवढ्यात दम लागलेली एक बाई आली. मावशीने कुलूप फोडलं, तोवर बाई संपली होती.

“पाना जागेवरच होता म्हणा मावशी, नाहीतर आपली सगळ्यांची वाट लागेल,” परतलेले डॉक्टर कुजबुजले.

दारात बाईचा नवरा आला. “उशीर कशाने झाला, मावशी?”

मावशीने त्याला हाताला धरून फोडलेल्या कपाटासमोर उभं केलं आणि ती बाहेर पडली.