दुसऱ्यांचं दुखणं सांगणाऱ्या कुमुदिनीकाकू

लग्न होऊन कुमुदिनी सबनीस साताऱ्याहून दिल्लीला आल्या, तेव्हा त्यांना हिंदी म्हणजे नुसतं रेडिओवर ऐकलेलं. यजमान शशिकांतराव एका मंत्रालयात कारकून होते, सरोजिनी नगरात सरकारी क्वार्टर मिळालं होतं. भाजीवाल्याशी हुज्जत घालताघालता काकूंची हिंदी सुधारली, आणि तिची खरी कसोटी लागली ती शशिकांतरावांच्या गावाकडचे खंडेराव पोट दाखवायला दिल्लीत आले तेव्हा.

खंडेराव एसटीत ड्रायव्हर होते. गडी रांगडा, पण दिल्लीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात शिरल्यावर पार बावरून गेला. शशिकांतरावांना रजा मिळाली नाही, म्हणून काकू सोबत गेल्या. तासन्‌तास रांगेत काढल्यावर डॉक्टरने मान वर न करता विचारलं, "दर्द है?"

"दुखत नाही," खंडेराव म्हणाले.

डॉक्टर पुढच्याला बोलावणार, इतक्यात काकू मध्ये पडल्या. "खंडेरावभावजी, दुखत नाही तर मग होतं काय?"

"भगभगतं हो वहिनी. उपाशी असलो की जास्त."

काकू डॉक्टरकडे वळल्या. "दर्द नहीं है साहब, जलता है. पेट में किसी ने चूल्हा जला के रखा है, ऐसा. खाली पेट ज्यादा."

डॉक्टर हसला, आणि पहिल्यांदाच त्याने पेशंटच्या तोंडाकडे पाहिलं. तपासण्या झाल्या, आतड्यात जखम निघाली, औषधाने खंडेराव ठणठणीत झाले. गावी जाऊन त्यांनी काय सांगितलं कोण जाणे; पण त्यानंतर सातारा-कराडकडून कुणी दिल्लीला दवाखान्यासाठी निघालं की सबनिसांचा पत्ता सोबत घेऊनच निघायचं.

पुढची तीसेक वर्षं काकूंनी हेच केलं. संसार सांभाळून, मुलाची, शार्दूलची, शाळा सांभाळून. कुणाला वरणभात करून घालायचा, कुणाला बाहेरच्या खोलीत गादी घालून द्यायची, आणि सकाळी डबा घेऊन त्याच्याबरोबर रांगेत उभं राहायचं. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. पाठीत उसण भरते ती हिंदीत कशी सांगायची, पोटऱ्या भरून येतात म्हणजे नेमकं काय होतं, हे काकूंनी डॉक्टरांपुढे हातवारे करकरून सांगितलं. अवघड जायचं ते एकच. एखादी बाई यायची आणि म्हणायची, "कसंतरी होतंय हो." काकू तिला बाजूला घ्यायच्या. "कसंतरी म्हणजे कसं? डोकं गरगरतं? छातीत भरून येतं? नीट सांगा, मी डॉक्टरला काय सांगू?" मग खोदखोदून विचारल्यावर कुठे काहीतरी हाताला लागायचं.

शशिकांतराव निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं. सगळे गाझियाबादला शार्दूलच्या फ्लॅटवर राहायला आले. काही वर्षांनी शशिकांतरावही गेले. शार्दूल नोएडात नोकरीला, सून वल्लरी पुण्याची, आयटीतली, बरेचदा घरूनच काम करणारी. सासूसुनांचं पटायचं, पण दोघी जरा अंतर राखूनच असायच्या. काकूंना वाटे, हिच्या मीटिंगमध्ये आपली लुडबूड नको. वल्लरीला वाटे, आईंना आपली मदत आवडत नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधीची गोष्ट. हवा नुकती जड व्हायला लागली होती, खाली सोसायटीच्या मैदानात रामलीलेचा मांडव ठोकणं चाललं होतं. काकूंना आदल्या दिवसापासून बरं वाटत नव्हतं. ताप नाही, खोकला नाही. नुसती जेवणावरची वासना गेली होती. वल्लरीने कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, हवा बदलतेय, ॲसिडिटी असेल, पाणी भरपूर पाजा.

सकाळी शार्दूल निघाला. बूट घालताघालता नेहमीसारखं म्हणाला, "आई, मी संध्याकाळपर्यंत येऊन जाईन."

दिल्लीत वाढलेल्या शार्दूलचं मराठी असंच, हिंदीच्या वळणाचं. आणि काकूंचं उत्तरही ठरलेलं असायचं: "येणारेस की जाणारेस? एक काय ते ठरव!" चाळिशी आलेल्या मुलाला त्या अजून सुधारत होत्या.

त्या दिवशी काकू नुसतं "बरं" म्हणाल्या.

शार्दूल लिफ्टमध्ये शिरला. वल्लरी मात्र लॅपटॉप उघडता उघडता थबकली. उठून सासूबाईंजवळ गेली. काकू खुर्चीत बसल्या होत्या, पण बसल्यासारख्या नव्हत्या. कुणीतरी आणून ठेवल्यासारख्या होत्या. हात गार.

"आई, उठता का? आत पडा जरा."

काकूंनी उठायचा प्रयत्न केला. पाय उचलेनात.

वल्लरीने ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

"अगं वेडी आहेस का?" काकू कशाबशा म्हणाल्या. "ॲम्ब्युलन्स कशाला? लोक जमतील. शार्दूलला सांगू नकोस."

"जमू देत लोक," वल्लरी म्हणाली.

एका खाजगी हॉस्पिटलची गाडी आली. तिच्यातून बॅग खांद्याला लावून उतरली हेमलता नेगी, गढवालकडची तिशीतली टेक्निशियन. चटपटीत, पण आवाज मऊ. तिने ईसीजी काढला, ठीक. साखर पाहिली, ठीक. ताप नाही. ब्लडप्रेशर जरासं कमी, पण काल जेवलेल्या नसल्यामुळे तेही चालण्यासारखं. नेगी काकूंसमोर गुडघ्यांवर बसली. "अम्माजी, बताइए, क्या तकलीफ है?"

काकूंनी तोंड उघडलं. आयुष्यभर शेकडो माणसांचं दुखणं ज्यांनी हिंदीत सांगितलं, त्यांना स्वतःसाठी एक शब्द सुचेना. कुठे दुखत नव्हतं. जळत नव्हतं, ठणकत नव्हतं. सगळं अंग जणू दुसऱ्याचं होतं.

"कुछ नहीं बेटा," त्या म्हणाल्या, आणि मग हिंदी संपलीच. "कसंतरी होतंय गं."

नेगीने वल्लरीकडे पाहिलं.

"अजीब सा लग रहा है, ऐसा बोल रही हैं," वल्लरी म्हणाली. आपण सांगितलं ते अपुरं आहे हे तिलाही कळत होतं.

नेगी हसली नाही, कंटाळलीही नाही. "ऐसा बहुत लोग बोलते हैं, मैडम. बुजुर्ग तो खास. इसीलिए अब गाडी में खून की जाँच भी रखी है." तिने बॅगेतून तळहातात मावेल असं एक यंत्र काढलं. ज्यांना काय होतंय ते सांगता येत नाही, अशा पेशंटचं रक्त जागच्या जागी तपासून पाहायचं, असं त्या हॉस्पिटलने नुकतंच सुरू केलं होतं. काकूंच्या बोटाला बारीक टोचून तिने थेंब घेतला. रक्तात लॅक्टेट नावाचा एक घटक असतो. शरीरात आत कुठे मोठा बिघाड सुरू झाला, पेशींना पुरेसा प्राणवायू पोचेनासा झाला, की तो वाढतो. बाहेरून माणूस नुसतं थकल्यासारखं दिसत असलं तरी.

यंत्रावर आकडा आला. नेगीने तो पाहिला, नवी पट्टी घालून पुन्हा एक थेंब घेतला. आकडा तसाच. मग ती उभी राहिली आणि तिने हॉस्पिटलच्या डॉक्टरांना फोन लावला. बोलताबोलताच तिने ड्रायव्हरला स्ट्रेचर आणायची खूण केली.

"काय झालंय?" वल्लरीने घाबरून विचारलं. घाईत मराठीतच.

नेगीला अर्थ लागला. "अंदर कुछ बडी गडबड चल रही है. कहाँ, ये मशीन नहीं बताती. बस इतना बताती है कि अब रुकना नहीं है."

गाडीतच काकूंना सलाईन लागलं. वल्लरी त्यांचा हात धरून बसली होती. काकूंना पुढचं फारसं आठवत नाही. हिंडन नदीच्या पुलावर भोंग्याच्या आवाजात कुणीतरी सारखं "अम्माजी, आँखें खोलिए" म्हणत होतं, एवढंच आठवतं.

हॉस्पिटलच्या दारात माणसं तयार उभी होती. लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग मूत्रपिंडात जाऊन रक्तात पसरला होता. वय झालेल्यांना अशात कधीकधी तापही येत नाही, डॉक्टरांनी शार्दूलला सांगितलं. लगेच औषधं सुरू झाली म्हणून निभावलं. घरी पाणी पाजत संध्याकाळपर्यंत वाट बघितली असती, तर सांगणं अवघड होतं.

काही दिवस आयसीयूत, मग वॉर्डात. काकू घरी आल्या तेव्हा दसरा होऊन गेला होता. अंगात त्राण नव्हतं, पण भूक लागायला लागली होती. एका दुपारी वल्लरी त्यांना मऊ भात भरवत होती. काकूंनी विचारलं, "तुला कसं गं कळलं? मला स्वतःला कळलं नव्हतं."

वल्लरी जराशी संकोचली. "शार्दूल 'येऊन जाईन' म्हणाला, आणि तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. ही पोरगी स्वयंपाकघराच्या पलीकडच्या टेबलावर कानाला हेडफोन लावून बसते, आणि आपलं एवढं सगळं ऐकत असते? त्यांचे डोळे भरून आले. घरच्यांचे आभार मानायचे नसतात, असं त्या आजवर समजत आल्या होत्या.

"वल्लरी, मी तुझी फार ऋणी आहे गं," त्या म्हणाल्या.

"आई, काहीतरीच काय!" म्हणत वल्लरीने पुढचा घास केला.

दिवाळीच्या तोंडावर काकूंनी हट्ट धरला: नेगीला भेटायचं. वल्लरीने त्यांच्या देखरेखीखाली अनारसे केले. पहिले चार तुपात हसले, विरघळून गेले, पुढचे जमले. डबा घेऊन दोघी हॉस्पिटलच्या आवारात ॲम्ब्युलन्स उभ्या असतात तिथे गेल्या.

नेगीला आधी ओळख पटेना. रोज किती पेशंट! मग वल्लरीकडे पाहून म्हणाली, "अरे, वो अम्माजी! आप तो चलके आ गईं!"

काकूंनी तिचे दोन्ही हात धरले. काय काय बोलायचं ते घरून ठरवून आल्या होत्या. "बेटा, मैंने कुछ बताया नहीं, फिर भी तूने सुन लिया," एवढंच तोंडून निघालं.

"मेरा क्या, अम्मा. मशीन है, डॉक्टर साहब हैं, और आपकी बहू ने फोन किया," नेगी म्हणाली. "बहुतों का तो ठीक ही निकलता है. वो भी अच्छा है, घर में चैन से सोते हैं."

तिने डबा उघडला आणि एकदम ओरडली, "ये तो अरसा है! हमारे गाँव में शादी में बनता है. आपको कैसे मालूम?"

"अरसा नाही गं, अनारसा," काकू म्हणाल्या. सवयीने चूक सुधारली खरी, पण लगेच पुढे सरसावून विचारलं, "तुमच्यात तांदूळ किती दिवस भिजवतात?"

"एक रात. और खसखस नहीं लगाते."

"एकच रात्र? मग जाळी कशी पडते?"

नेगी सांगायला लागली. एक मराठीत विचारत होती, दुसरी हिंदीत उत्तर देत होती, आणि कुणाचं काही अडत नव्हतं. तेवढ्यात ड्रायव्हरने हाक मारली; कॉल आला होता. नेगीने एक अनारसा तोंडात टाकला, डबा सीटवर ठेवला आणि काकूंना वाकून नमस्कार करून गाडीत चढली. गाडी फाटकातून बाहेर पडली. काकूंनी तिच्यासाठी हात जोडले. ज्याच्या घरी ती निघाली होती त्याचं नाव-गाव त्यांना ठाऊक नव्हतं, तरी त्याच्यासाठीही.