तहान लागली तर सुट्टीत प्या

सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. वार मंगळवार, मटकीचा दिवस. मी शाळेच्या मागच्या खोलीत मटकी निवडत होते आणि भिंतीपलीकडून माझ्या श्रावणीचा आवाज आला, "मॅडम, पाणी पिऊ?"

मॅडम म्हणाल्या, "सुट्टीत."

तिथून सगळं सुरू झालं. सुट्टीला अजून अडीच तास होते आणि वर्ग चालू असताना मला आत जायची मनाई. बारा वाजता पोरीचे हातपाय दुखायला लागले. एक वाजता ती दप्तरावर डोकं ठेवून रडत होती आणि मॅडम शेजारच्या मॅडमला सांगत होत्या, "नाटक करून राह्यली. अभ्यास नको तिले." दोन वाजता मी तिला मांडीवर घेऊन आर्णीच्या ऑटोत बसले होते. पुढचे चार दिवस दवाखाना आणि सलाईन.

श्रावणी दुसरीत आहे. तिला सिकलसेल आहे, सरकारी दवाखान्याचं लाल कार्ड आहे तिच्याजवळ. आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल असतात. तिच्या पेशी गवत कापायच्या इळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात. अंगातलं पाणी कमी झालं की जास्त वाकतात. म्हणून तिला घडीघडी पाणी पाहिजे. एवढीच गोष्ट आहे. ही एवढीच गोष्ट मी शाळेला दोन वर्षांपासून सांगून राह्यली.

मी त्याच शाळेत खिचडी शिजवते. शिक्षण सातवी. माझ्या चुलीसमोरच्या खिडकीतून आठवीचा वर्ग दिसतो, म्हणून जी आठवी माझी राहिली ती मी आता कानानं करते. शाळेचे किस्से मटकीतल्या खड्यांसारखे असतात. एखादा निघाला तर माणूस फेकून देते. मी फेकले नाही, बाजूला ठेवत गेले. आता वाटीभर झाले.

*

एकदा विज्ञानाचे सर मूलद्रव्यं शिकवत होते. म्हणाले, सोडियम पाण्यात टाकलं तर पेट घेते, क्लोरीन विषारी वायू आहे आणि दोन्ही मिळून होते आपलं खायचं मीठ.

माझ्यासोबत कांताबाई असते, पन्नाशीची बाई. तिच्या हातात मिठाचं पाकीट होतं. तिनं ते तसंच खाली ठेवलं.

"मी नाही टाकत. पोराईले काही झालं तर?"

मी म्हटलं, "कांताबाई, वेगवेगळे असले तर जहर. एकत्र आले की त्याईचा स्वभाव बदलते."

"दोन खराब माणसं एका घरात आणली तर स्वभाव बदलते? मंग माह्या सासूसासऱ्याचा काहून नाही बदलला?"

आम्ही हसत बसलो आणि त्या दिवशी खिचडी अळणी गेली. पोरांनी नाकं मुरडली. चव रजिस्टरवर मात्र हेडसरांनी लिहिलं, "चव उत्तम." ते चाखत नाहीत, सही करतात. पोरांच्या पोटात काय जाते ते न पाहता सही करणारा माणूस माझ्या पोरीच्या तहानेचा निकाल लावणार होता.

*

दवाखान्यातून आल्यावर मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन हेडसरांकडे गेले. चिठ्ठीत साफ लिहिलं होतं, मुलीला केव्हाही पाणी पिऊ द्यावं, केव्हाही लघवीला जाऊ द्यावं. सरांनी चिठ्ठी पूर्ण वाचली, घडी केली आणि टेबलाच्या काचेखाली सरकवली.

"ताई, पाणी पिलं की लघवी येते. एक गेली की तिच्यामागे सगळा वर्ग जाते. शिकवायचं कधी?"

"सर, दुखणं उठलं की ती चार दिवस शाळेत येत नाही. मग तिले शिकवायचं कधी?"

"संडासचं कुलूप पोरं तोडते, घाण करते. म्हणून सुट्टीतच उघडतो आम्ही."

कांताबाई दाराशी तांदळाची गोणी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "सर, आमी म्हशीलेही इतकं बांधून नाही ठेवत."

सर माझ्याकडे पाहून म्हणाले, "यांना समजवा." म्हणजे मी कांताबाईला समजवायचं. मी म्हशीला समजवायला तयार होते, पण सरांना कसं समजवायचं ते मला आजपर्यंत जमलं नाही.

*

त्याच आठवड्यात आठवीत पाण्याचा रेणू चालू होता. हायड्रोजनचे दोन अणू, ऑक्सिजनचा एक. मागच्या बाकावरच्या पोरीनं हात वर केला.

"सर, पाणी प्यायला जाऊ?"

"आधी सूत्र लिही."

*

मग पेशी आली. सरांनी फळ्यावर मोठा गोल काढला. हे पेशीपटल, हे पेशीद्रव्य आणि मधात हे केंद्रक. म्हणाले, "केंद्रक म्हणजे पेशीचा हेडमास्तर. शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतोच असतो."

मला राहवलं नाही. दवाखान्यातल्या लॅबच्या ताईनं श्रावणीचं रक्त मला सूक्ष्मदर्शकात दाखवलं होतं आणि समजावूनही सांगितलं होतं. मी खिडकीतून म्हटलं, "सर, तयार झालेल्या लाल पेशीत केंद्रक नसते. ते जागा रिकामी करते, म्हणजे ऑक्सिजन न्यायला जास्त जागा होते."

सगळा वर्ग खिडकीकडे वळला. सर म्हणाले, "ताई, तुम्ही खिचडीकडे लक्ष द्या. लागून राह्यली."

खिचडी लागत नव्हती. अजून फोडणीही पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले आणि म्हणाले, "काल मी तुम्हाला एक गोष्ट मुद्दाम चुकीची सांगितली. कोणाच्या लक्षात आली?" पोरं खिडकीकडे पाहू लागली. "लाल पेशीत केंद्रक नसते," सर म्हणाले, "पुस्तकं वाचत जा."

मी भाजी चिरत होते. कांताबाई म्हणाली, "हेडमास्तर नसला तरी काम चालते, असं तू त्याले सांगितलं. राग तर येईनच."

*

सोमवार हा लोखंडाच्या गोळ्यांचा. मॅडम वर्गात गोळ्या वाटतात, समोर गिळायला लावतात. मी श्रावणीच्या कार्डावर डॉक्टरांकडून लिहून आणलं होतं, विचारल्याशिवाय लोहाची गोळी देऊ नये. तिला दोनदा रक्त चढवलं आहे, तिच्या अंगात लोखंड आधीच साचलेलं असू शकते. तरी सोमवारी पोरगी माझ्याकडे पळत आली, गोळी गालात धरून. गिळली नव्हती. माझ्या हातावर थुंकली.

मी ती ओली गोळी घेऊन तशीच मॅडमकडे गेले.

मॅडम म्हणाल्या, "पोरगी किती पांढरी पडली पाहा. रक्त कमी आहे तिचं. लोखंडानंच वाढेल ना?"

"मॅडम, तिच्या रक्तात सामान कमी नाही. घडण वेगळी आहे. ज्याच्या इळ्याचं पातंच चुकीचं घडलं त्याले आणखी लोखंड देऊन काय उपयोग?"

"माझ्याकडे पटावर अठ्ठावीस नावं आहे आणि गोळ्याही अठ्ठावीस आल्या. एक उरली तर मी काय लिहू?"

मी म्हटलं, "लिहा, आईनं खाल्ली." आणि त्यांच्यासमोर मी ती गोळी गिळली. मॅडमनं खरंच रजिस्टर उघडलं आणि श्रावणीच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

घरी जाऊन मी खूप रडले. पोरगी त्या दिवशी पळत आली म्हणून वाचली. मी इकडे कढईपाशी अडकले होते आणि तिकडे वर्गात तिच्या गालात गोळी विरघळत होती, हे डोळ्यांपुढून जात नाही.

*

शाळेत एक सूक्ष्मदर्शक आहे. कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत. कांद्याच्या पापुद्र्याचा प्रयोग होता, म्हणून सरांनी माझ्याकडून कांदा मागितला. मी चांगला मोठा दिला आणि मलाही खिडकीतून काही दिसेल म्हणून चुलीचा जाळ कमी केला.

सरांनी पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीतून काढला नाही. म्हणाले, "हा सूक्ष्मदर्शक. यात पाहिलं तर कांद्याच्या पेशी भिंतीतल्या विटांसारख्या दिसतात. काढा चित्र."

एका पोरानं विचारलं, "सर, आमी पाहू?"

"बिघडला तर तुझा बाप देईन का भरून?"

पोरांनी पुस्तकातून विटा काढल्या. पिशवी परत कपाटात गेली. कांदा मात्र परत आला नाही, मी विचारायला गेले तर सर म्हणाले, प्रयोगात खर्च झाला.

*

आता शेवटचा किस्सा सांगते. शिक्षण खात्याचे मोठे साहेब शाळा पाहायला येणार होते. आदल्या दिवशी मॅडमनं वर्गात बजावलं, साहेब जाईपर्यंत कोणी जागचं उठायचं नाही, कोणी नळावर जायचं नाही. पोरांच्या पाण्याच्या बाटल्या ओट्यावर गबाळ्या दिसतात म्हणून सकाळीच माझ्या खोलीत आणून कोंबल्या. त्यात श्रावणीची होती. मी मॅडमला म्हटलं, "हिची तरी राहू द्या." त्या म्हणाल्या, "अर्ध्या तासाचं काम आहे, ताई."

साहेब दीड तास उशिरा आले. ऊन तापलं होतं. पहिलीपासून आठवीपर्यंत सगळी पोरं एका हॉलमध्ये, मांडी घालून, हाताची घडी. टेबलावर साहेबांसाठी बिस्किटाची प्लेट आणि सीलबंद पाण्याची बाटली. मी चहा घेऊन दाराशी उभी होते, श्रावणीचे ओठ दिसत होते मला. सुकले होते.

विज्ञानाच्या सरांनी आठवीच्या एका पोरीला उभं केलं. तिनं एका दमात म्हटलं, "पेशीत सर्वात जास्त पाणी असते. पाण्याशिवाय पेशीचे कार्य चालू शकत नाही." साहेबांनी टाळ्या वाजवल्या. हेडसरांनी वाजवल्या. मॅडमनं वाजवल्या.

टाळ्या चालू असतानाच श्रावणी उठली. ओळींमधून चालत टेबलापर्यंत गेली. बाटली घेतली, दोन्ही हातांनी झाकण पिळून सील तोडलं आणि तिथंच उभी राहून घटाघटा पिली. अर्धी झाली तेव्हा थांबली, झाकण लावलं, बाटली होती तिथं ठेवली.

टाळ्या बंद झाल्या होत्या. मॅडम दातओठ खाऊन म्हणाल्या, "श्रावणी, नाही सांगितलं होतं ना?"

पोरीनं फ्रॉकनं तोंड पुसलं.

"मी नळावर नाही गेली, मॅडम."

तुमच्या गावच्या शाळेत लाल कार्डाचं लेकरू असेल तर हे त्याच्या मास्तरांना वाचून दाखवा, आणि ज्याला वाचून दाखवाल त्याला म्हणा, तूही पुढे सांग.