डोक्यावर नेता येणारी सावली

माझ्या थोरल्या जाऊबाईंना घरात बसवलं की त्या घराला बसू देत नाहीत. फळीवरचे डबे उतरवतात, पुसतात, पुन्हा चढवतात. निवडलेली डाळ परत निवडतात. मी शिलाई मशीनवर वाकले की मागे येऊन उभ्या राहतात आणि बाही कशी लावायची ते मला सांगतात. जन्मात त्यांनी सुईत दोरा ओवला नसेल, पण सांगण्यात कसूर नाही.

त्यांना घरात बसवलं होतं माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं. झालं होतं असं की मे महिन्यात आमच्या मुकुटबनकडच्या वावरात बायांसोबत धसकटं वेचता वेचता जाऊबाई पडल्या. कापसाची पऱ्हाटी काढल्यावर जमिनीत जे खुंट राहतात ते पेरणीच्या आधी वेचावेच लागतात, आणि ते काम नेमकं ऊन आग ओकत असतं तेव्हाच येतं. पांढरकवड्याच्या दवाखान्यात दोन-चार दिवस काढून त्या बऱ्या झाल्या. डॉक्टरांनी उन्हाला जपायला सांगितलं. भासऱ्यांनी त्यातलं ऊन तेवढं ऐकलं आणि घरी आल्या आल्या म्हणाले, "आता वावर बंद."

ते बोलतात थोडं. जे बोलतात ते दगडावर कोरल्यासारखं. निंदण जाऊबाईंशिवाय झालं, कापूस वेचणी त्यांच्याशिवाय झाली. सकाळी बाया डबे घेऊन निघाल्या की त्या दारात उभ्या राहून शेवटची बाई वळणाआड होईपर्यंत बघत. हिवाळ्यात त्यांनी मला बाही शिकवणं बंद केलं, तेव्हा मात्र मी घाबरले. त्या पडल्या तेव्हाही इतकी घाबरले नव्हते. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्या भाकरी तव्यावर जाईपर्यंत फाटत. किती दिवस त्या फाटक्या भाकरी जाऊबाई गुपचूप स्वतःच्या ताटात घ्यायच्या आणि त्यांच्या अखंड भाकरी माझ्या नावावर घरच्यांना वाढायच्या. अशी बाई माझ्या डोळ्यांदेखत गप्प होत चालली होती आणि मला ते सहन होत नव्हतं.

भासऱ्यांशी वाद घालावा म्हटलं तर ती सोय नव्हती. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी बोलत नाही. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, एका सतरंजीवर बसत नाही, त्यांना शिवत नाही. तेही तिच्याशी बोलत नाहीत. एका घरात वीस-बावीस वर्षं काढून आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. वैर नव्हतं, उलट माझ्या मशीनचं तेल संपत आलेलं माझ्याआधी त्यांना कळायचं. बाजारातून तेल आणायचे आणि अंगणात, माझ्यापासून चार पावलांवर उभे राहून जाऊबाईंना म्हणायचे, "तिले सांग, तेल आनलं." जाऊबाई मान वळवून मला सांगायच्या, "तेल आनलं म्हनते." मी म्हणायची, "बरं म्हणा." त्या पुन्हा मान वळवून, "बरं म्हनते." असा आमचा संसार जाऊबाईंच्या मानेवर चालायचा. माझ्या नवऱ्याला याचं भारी हसू यायचं, पण मोडायची हिंमत त्यालाही नव्हती.

तेव्हा मी ठरवलं की तोंड नाही तर हात चालवायचा. जाऊबाईंना वावरात जायचं, भासऱ्यांना त्यांना उन्हात जाऊ द्यायचं नाही. मग सावलीच सोबत नेता आली तर? आमच्या वावरात झाड म्हणावं असं बांधावरचं एक मोहाचं, बाकी सगळी उघडी काळी जमीन. फोनवर कुठल्याशा गावची बातमी पाहिली होती, लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करून मजुरांसाठी उचलून नेता येतील असे तंबू केले होते. आमची मुलगी नागपूरला शिकते. तिला फोन केला तर ती म्हणाली, "आई, आपन पन नेटवर टाकू ना मग. तू शिव, मी पैसे मागते." मागायचं काम दुसऱ्याचं म्हटल्यावर मला धीर आला.

तिनं इंटरनेटवर पान तयार केलं आणि जाऊबाईंचा फोटो मागितला. जाऊबाई आत गेल्या त्या अर्ध्या तासानं लग्नाकार्याची जरीकाठी साडी, गळ्यात पोत, कानात फुलं आणि ठसठशीत कुंकू अशा बाहेर आल्या. मी म्हटलं, "बाई, लोकांकडं मदत मागायची आहे, वरातीला नाही जायचं. रोजची साडी नेसा."

"फाटकं नेसून मांगतलं तं लोकं फाटक्याले देतात," त्या म्हणाल्या. "मले कायले देतीन?"

फोटो तसाच गेला. पहिले कितीतरी दिवस एक पैसा आला नाही. एका भल्या माणसानं लिहिलं की बाई खात्यापित्या घरच्या दिसतात, खरोखर गरजू कोणी असेल तर कळवा. मुलगी रडकुंडीला आली. मी जाऊबाईंना हे सांगितलं नाही, पण मनात त्यांच्या जरीकाठाला चार शिव्या घातल्या.

मग तो फोटो गावातल्या लोकांच्या फोनवर फिरायला लागला, आणि गाव सोडून गेलेल्यांपर्यंत पोचला. राजूरच्या कोळसा खाणीत कामाला असलेल्या एकानं पैसे पाठवले आणि लिहिलं की ही बाई मला ओळखू आली, लहानपणी शाळेतून येताना हिच्या चुलीवरचं गुळाचं तळलेलं बोंड मी खाल्लं आहे. वणीच्या एका ट्रक मेकॅनिकनं लिहिलं, गाडी बंद पडली तेव्हा या घरी जेवलो होतो, ताई आमच्या अम्मीसारख्या ओरडून वाढत होत्या. पुण्याहून, हैदराबादहून, कुठून कुठून असेच. कुणी गरजू म्हणून दिले नव्हते, जेवलेले म्हणून दिले होते. जाऊबाईंना मी एकेक वाचून दाखवायची. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "याले तिखट सोसत नव्हतं." किंवा, "हे पोट्टं लई खायचं." बऱ्याच दिवसांनी त्या इतकं बोलत होत्या.

आता शिवायची पाळी माझी. अट एकच, घडी करून बाईला डोक्यावर नेता आलं पाहिजे. लोखंडी नळ्या जड म्हणून काड्या बांबूच्या केल्या, जोडाला दोरीच्या गाठी. आकार चार बाया दाटीनं बसतील एवढा, कारण बाकीच्या उन्हात असताना जाऊबाई एकट्या सावलीत बसणं शक्य नव्हतं. बाहेरचं कापड म्हणून जुने फ्लेक्स घेतले, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे. पांढरी पाठ वर, म्हणजे ऊन परत जातं, आणि छापील बाजू आत. त्याच्या खाली वीतभर जागा सोडून जुन्या सुती साड्यांचा दुसरा थर, मधून वारा खेळायला. पश्चिमेच्या बाजूला बारदाना, त्यावर पाणी मारायचं.

पहिली चाचणी अंगणात. जाऊबाई आत जाऊन बसल्या आणि लगेच पदर डोक्यावर ओढून घेतला. मी म्हटलं, काय झालं?

"हे कोन्या मानसाच्या समोर बसवून राह्यली वं मले?"

मी वाकून पाहिलं. साडीचा थर बाजूला जिथं संपत होता तिथून फ्लेक्सवरचे एक भावी सरपंच गॉगल लावून हसत होते. साडी पुढे ओढून मी त्यांना झाकलं, तेव्हा कुठं जाऊबाई सैल बसल्या.

आत किती थंड राहतं ते बघायला मी बाजारातून तापमापक आणला होता. जाऊबाईंचा त्याच्यावर विश्वास नव्हता. त्यांनी गुळाचे दोन खडे घेतले, एक बाहेर दगडावर ठेवला, एक आत. दुपार कलली तेव्हा बाहेरचा गूळ दगडावरून ओघळून मुंग्यांच्या स्वाधीन झाला होता. आतला खडा नुसता मऊ पडला होता. तो त्यांनी मोडून अर्धा मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला, आणि चाचणी पास झाल्याचं जाहीर केलं. भासरे ओसरीवर बसून हे सगळं बघत होते. म्हणाले, "तिले सांग, अंगनात वारा नाई लागत. वावरात हे उडून जाईन." जाऊबाईंनी मान वळवली. मला तर राग आलाच होता. त्यातून त्यांचं खरं होतं म्हणून जास्तच आला.

म्हणून एक दिवस ते बाजाराला आणि माझा नवरा बियाण्यासाठी वणीला गेलेला पाहून आम्ही दोघी वावरात गेलो. जाऊबाईंनी ते बोचकं स्वतःच्या डोक्यावर घेतलं, मला हात लावू दिला नाही. वर्षभरानंतर त्या वावरात पाय ठेवत होत्या. मातीचं एक ढेकूळ उचलून त्यांनी मुठीत फोडलं. आम्ही बांबू उभे केले, खताच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून कोपऱ्यांवर ठेवल्या, आणि आत बसून डबा सोडला. तेवढ्यात भासरे आले. कुणीतरी त्यांना वाटेत सांगितलं असणार. ते आमच्याजवळ आले नाहीत. बांधावरच्या मोहाखाली उभे राहिले, हात मागे बांधून. त्यांचा चेहरा बघून जाऊबाईंच्या हातातला घास तसाच राहिला.

आता ते जवळ येऊन "घरी चाल" म्हणणार आणि हे सगळं इथंच संपणार, हे आम्हा दोघींना कळलं होतं. पण त्यांच्याआधी आभाळ आलं. मे महिन्यातलं ते अवकाळी, पश्चिमेकडून काळं झालं आणि बघता बघता धुळीचा लोट अंगावर आला. मग गारा. आधी बोराएवढ्या, मग त्याहून मोठ्या. फ्लेक्सवर असा ताशा वाजू लागला की एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. मी एका कोपऱ्याचा बांबू दोन्ही हातांनी धरला, जाऊबाईंनी दुसऱ्या. आणि दूर वीज कडाडली.

"अहो, या ना इकडं," जाऊबाई ओरडल्या.

भासरे मोहाच्या खोडाला टेकून उभे होते, डोक्यावर रुमाल, त्यावर गारा. त्यांनी मान हलवली आणि हातानं आमच्याकडे दाखवलं. आमच्याकडे नाही, माझ्याकडे. मी आत आहे म्हणून ते येणार नव्हते. वीतभर जागेत भाऊसुनेच्या शेजारी कसं बसायचं?

मी बाहेर पडायला निघाले तर जाऊबाईंनी माझं मनगट धरलं. "तू निंगाली तं हे उडून जाईन." ते खरं होतं, माझा कोपरा माझ्याच वजनावर टिकून होता. पुन्हा वीज चमकली, आता जवळ. फ्लेक्सनं वीज अडत नाही हे मलाही माहीत होतं, पण विजेच्या वेळी उघड्या वावरातल्या एकुलत्या झाडाखाली थांबू नये हेही माहीत होतं. मला भयंकर चीड आली. त्यांची, माझी, त्या पदराची, सगळ्याचीच. मुलं त्यांना हाक मारतात त्याच नावानं मी गळा फाडून ओरडले, "मोठे बाबा, झाडाखालून निघा. आत या म्हणते ना."

ते दचकले. मला वाटतं माझा आवाज एवढा मोठा असेल हे त्यांना माहीतच नव्हतं. मग ते वाकून, पळत आले आणि आत शिरले.

आमच्याकडे पाठ करून ते पश्चिमेचा बांबू कवटाळून बसले. त्या बाजूनंच वारा उचलत होता, ती बाजू त्यांच्या वजनाखाली एकदम शांत झाली. मधे जाऊबाई, या बाजूला मी. साडीचा थर वाऱ्यानं सुटला होता आणि भावी सरपंच आम्हा तिघांकडे बघून हसत होते. माझा पदर कधीच खांद्यावर आला होता. तो सावरायला हात मोकळा नव्हता. भासऱ्यांनी मान वळवली नाही.

गारा थांबल्या, नुसता पाऊस राहिला. आमचं ते खोपटं एका जागी फाटलं होतं, पण उभं होतं. कुणीच उठलं नाही. मग भासरे पाठमोरेच म्हणाले, "तिले सांग."

सवयीनं जाऊबाईंनी माझ्याकडे मान वळवली. मीही सवयीनं त्यांच्याकडे बघितलं. आणि मग दोघींनाही एकदमच कळलं की या वेळचा निरोप माझ्यासाठी नव्हता. तो माझ्याकडे दिला होता.

"तिले सांग, वावरात जायचं तं जाय म्हना. हे घेऊन जाय. पन उनात एकटी नोको फिरू म्हना." त्यांनी डोक्यावरचा ओला रुमाल काढून पिळला. "मांगच्या साली ते पडली तवा अंग तव्यावानी झालतं तिचं. मले वाटलं गेली. तवापासून ते दाराबाहीर निंगाली का मले भेव लागते. हे सांग तिले."

एवढं बोलताना त्यांना या घरात कुणी ऐकलं नव्हतं. जाऊबाईंचा गुडघा त्यांच्या पाठीला लागत होता. त्या खाली मातीकडे बघत होत्या आणि डोळे पुसत नव्हत्या. मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्याइले सांग, मी सावलीत बसन. रोज बसन. भेऊ नोका म्हना."

दोघांनीही एकमेकांचं अक्षर न् अक्षर ऐकलं होतं. तरी दोघंही गप्प बसून माझी वाट बघत राहिले. मग मी आधी जाऊबाईंना सांगितलं, नंतर मोठ्या बाबांना, एकही शब्द न गाळता.