खेळातून सूट

आमच्या देवळाली कॅम्पात सकाळी सहाला जवान पोरं रांगेनं पळतात. माझी मुलगी गॅलरीत उभी राहून बघायची आणि मी तिला आत ओढायचे. "गार वारा आहे, आत हो." सात वर्षं हेच केलं मी. कॉलनीत नावच होतं माझं, पोरीला फुलासारखी जपते म्हणून.

पोरीला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस. छातीत चिकट कफ साठतो, खाल्लेलं अंगी लागत नाही, घाम इतका खारट की पापा घेतला तरी ओठांना मीठ लागतं. निदान व्हायलाच ती सात वर्षांची झाली, कारण जो तो "हा आजार आपल्याकडे नसतो हो" म्हणायचा आणि टीबीच्या गोळ्या लिहून द्यायचा. नसतो म्हणे! डोंबल! माझ्या मांडीवर खोकत होता की तो.

आजाराला नाव मिळालं आणि मी कामाला लागले. दर जूनला शाळेत अर्ज, 'पाल्यास खेळाच्या तासातून सूट मिळावी', सोबत जवळच्या डॉक्टरांची चिठ्ठी. वर्ग तळमजल्यावरचा, दप्तर माझ्या खांद्यावर, स्कूटर थेट गेटापर्यंत.

गेल्या दिवाळीनंतर तिला मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी तिच्या हाताला बीपीचा पट्टा बांधला, पाच मिनिटं करकचून आवळून ठेवला, मग सोडला, आणि दंडातली रक्तवाहिनी किती रुंदावते ते सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहिलं. हवी तितकी रुंदावली नाही. मग सहा मिनिटं चालायला लावलं. तिसऱ्या मिनिटाला पोरगी भिंतीला टेकली.

"घरी रोज किती चालते?" बाईंनी विचारलं.

"अजिबात चालू देत नाही, मॅडम. फार जपतो आम्ही," मी. वर मान ताठ!

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हिची फुप्फुसं वयाच्या मानानं बरी आहेत. पण पायांना काम पडलं की रक्तवाहिन्यांनी सैल होऊन जास्त रक्त सोडायचं असतं. या आजारात तिथंच अडतं, आणि बसून राहिलं की आणखी अडतं. हिला हळूहळू पळायला शिकवा. मीठ-साखरेचं पाणी द्या आणि पळवा. आत्ता दम कमावला नाही तर पुढं जिने चढणंही अवघड होईल."

परतताना कसारा घाट चढेपर्यंत मी धुमसत होते. सात वर्षांत एकालाही हे सांगावंसं वाटलं नाही? सगळे आपले 'जपा हो, जपा'. सल्ला द्यायला काय जातंय लोकांचं!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचं पत्र घेऊन शाळेत धडकले. म्हटलं, हिला आजपासून मैदानावर घ्या. मुख्याध्यापिकांनी पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं. "मुंबईत बसून लिहायला सोपं असतं. धावताना काही झालं तर निस्तरायचं आम्ही." मग आवाजात साखर घोळवून म्हणाल्या, "स्पोर्ट्स डेला शर्यत संपते तिथली रिबन धरायला देऊ ना तिला. सावलीत उभी राहील, फोटोही येईल."

माझं टाळकंच सटकलं. "माझी मुलगी म्हणजे काय खुंटी आहे, रिबन बांधायला?" शिपाई आत डोकावून गेला. मुख्याध्यापिका शांतपणे उठल्या, कपाटातली फाइल काढली आणि माझ्यासमोर उघडली. सात वर्षांचे सात अर्ज, सगळे माझ्या वळणदार अक्षरात. शेवटच्यात तर 'पळताना दिसल्यास कृपया सक्त ताकीद द्यावी' असंही होतं. आपलेच दात, आपलेच ओठ!

नाही घेत तर नका घेऊ. दुसऱ्या सकाळी मीच तिला रस्त्यावर नेलं. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत हळू पळायचं, मग चालायचं, एवढंच ठरलं होतं. पहिल्याच खांबाशी ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली. मी पाण्याची बाटली पुढं केली आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. शाळा अशी, डॉक्टर तसे, तुला कुणी कुणी पळू दिलं नाही म्हणून.

श्वास जागेवर आल्यावर ती म्हणाली, "आई, चौथीत पळायचे मी. मधल्या सुट्टीत मैदानाला दोन फेऱ्या. रोज."

"मग?"

"घाम वाळून युनिफॉर्मवर मिठाचे पांढरे डाग पडले होते. तू विचारलंस, मी खरं सांगितलं. तू मला मारलंस."

तिनं बाटलीचं झाकण लावलं न् ती माझ्या हातात दिली. "मग सोडलं मी."