व्हॅनवाली आई

लेकाच्या, सुमेधच्या कादंबरीचं चौथं प्रकरण वाचताना प्रतिमाबाईंना रडू आवरेना. नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन लेकरं, आणि ती माउली उपाशीपोटी लोकांचे ब्लाउज शिवतेय. ‘बिचारी!’ म्हणत त्यांनी डोळे पुसले, आणि मग लक्षात आलं, ही बिचारी म्हणजे आपणच.

शिवणाचं म्हणाल तर त्यांनी लावलेलं बटण कधी दुसऱ्या धुण्यापर्यंत टिकलं नव्हतं.

घडलं होतं ते वेगळंच. सतरा वर्षांपूर्वी, सुमेध दहावीत असताना, खमरियाच्या फॅक्टरीत नोकरीला असलेल्या विष्णूंना अर्धांगवायूचा झटका आला. वाचाच गेली, ती हळूहळू, बऱ्याच वर्षांनी परतली. शेजारचे तुळशीराम शाळेची व्हॅन चालवत. मोतीबिंदूमुळे त्यांनी ती प्रतिमाबाईंच्या हाती दिली. कॉलनीतली पोरं राइट टाउनच्या शाळांत पोचवायची. प्रतिमाबाईंना तोवर सायकलही धड येत नव्हती. शिकल्या, लायसन्स काढलं, आणि पहिल्याच दिवशी समोरच्या बेबीताईंची तुळस वृंदावनासकट आडवी केली. रिव्हर्स गिअर तर सहा महिने सापडलाच नाही. तोवर त्या लांबचा वळसा घेत, आणि पोरं मागून ओरडत, “आंटीजी, इधर नहीं!”

पोरांना सोडून परतताना त्या सदर बाजारात थांबत आणि गरमागरम खोवा जलेबी, म्हणजे खव्याची जिलबी, खात. एक, कधी दोन. घरी आल्यावर म्हणत, “मला भूक नाही.” सुमेधनं तेवढं एक वाक्य उचललं आणि त्यावर अख्खा उपास उभा केला.

खरं सांगायचं तर कादंबरीतली ती त्यागाची देवी त्यांना आवडलीही होती. दोन दिवस त्यांनी तिच्यासारखं बारीक आवाजात बोलून पाहिलं. “घसा बसला काय?” असं विष्णूंनी विचारल्यावर नाद सोडला.

रविवारी सुमेध नागपूरहून आला. छापायला देण्याआधी आईचं मत हवं होतं.

“मला शिवायला काहून बसवलं रे? व्हॅन कुठं गेली?”

“आई, व्हॅनमध्ये तू दुःखी वाटतच नव्हती.”

“अन् उपाशी?”

“तूच तर म्हणायची ना, भूक नाही!”

प्रतिमाबाईंनी जलेबीचं सांगून टाकलं.

“एकटीनं?”

“एकटीनंच.”

“आणि मी इतकी वर्षं त्या भुकेपायी स्वतःला दोष देऊन राहिलो!”

त्यांना हसू येणार होतं, पण पोराचा चेहरा पाहून आलं नाही.

“पण रोज काहून थांबायची?” त्यानं विचारलं.

“घरी यायची भीती वाटायची,” त्या म्हणाल्या. “दार उघडलं की तुझे बाबा नुसते बघायचे. काय बोलावं सुचायचं नाही. दहा मिनिटं लांबवायची, बस.”

पलंगावरून विष्णू सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, “मला माहीत होतं. पदराला पाक असायचा.”

“अन् बोलले नाही कधी?”

“तेव्हा बोलता येत नव्हतं. नंतर वाटलं, असू दे. तेवढं एक तरी गोड.”

प्रतिमाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. तिथं काहीच काम नव्हतं, तरी धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

सुमेधनं प्रकरण नव्यानं लिहिलं, व्हॅन आणि जलेबीसकट. दिवाळीत पुस्तक आलं आणि महिन्याभरात एका वाचक बाईंचं पत्रही: कादंबरी छान आहे, पण आई जरा स्वार्थी वाटते. प्रतिमाबाईंनी ते विष्णूंना मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि ‘जरा’ हा शब्द तर दोनदा.